प्रोटीन डीएनए-आरएनएला ओळखतं कसं: स्ट्रक्चर पहिल्यांदाच उघडून बघणाऱ्यांसाठी

पेपरमध्ये लिहिलेलं असतं की अमुक प्रोटीन तमुक सिक्वेन्सला बाइंड होतं, खाली एक रंगीत चित्र असतं, हिरवी रिबन आणि नारंगी शिडी, आणि आपण मान डोलावून पुढे जातो. मग कुणीतरी विचारतं, "पण त्या प्रोटीनला कळतं कसं की हा जी आहे आणि तो ए?" आणि आपली बोलती बंद. माझी बरीच वर्षं हीच गत होती, म्हणून ज्या क्रमाने मला शेवटी ते डोक्यात बसलं त्याच क्रमाने इथे लिहितोय. लागणारं सामान म्हणजे एक ब्राउझर, प्रोटीन डेटा बँकेची वेबसाइट (फुकट आहे, लॉगिनही लागत नाही) आणि एक वही. वही खरंच घ्या.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून टाका, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: चिकटणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. डीएनएला चिकटायला काही अक्कल लागत नाही, अंगावर पॉझिटिव्ह चार्ज असला की झालं. ओळखायला मात्र बेसपर्यंत, म्हणजे ए, टी, जी, सी या अक्षरांपर्यंत, हात पोचावा लागतो. एकच प्रोटीन एकाच वेळी ही दोन्ही कामं करत असतं आणि चित्रात ती एकमेकांत मिसळलेली दिसतात, म्हणून गोंधळ होतो.

स्टेप १: प्रोटीन लपवा, आधी नुसता डीएनए बघा

सगळे नवखे उलटं करतात, आधी प्रोटीनची रिबन बघत बसतात. तसं करू नका. कुठलंही प्रोटीन-डीएनए स्ट्रक्चर उघडा, प्रोटीनची चेन हाइड करा आणि उरलेला डीएनए हळूहळू फिरवा. दोन घळी दिसतील, एक रुंद आणि एक अरुंद. रुंद ती मेजर ग्रूव्ह, अरुंद ती मायनर. नेहमीच्या बी-फॉर्म डीएनएत मेजर साधारण २२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे ०.१ नॅनोमीटर) आणि मायनर साधारण १२ अँगस्ट्रॉम असते, हेलिक्सची एकूण जाडी २० च्या आसपास, एका वेढ्यात १०.५ बेसपेअर आणि दोन बेसपेअरमधलं अंतर ३.४ अँगस्ट्रॉम. आता प्रोटीनची अल्फा हेलिक्स (साखळीची स्प्रिंगसारखी गुंडाळी) साइड चेनसकट (अमिनो ॲसिडच्या बाहेर आलेल्या शाखांसकट) धरली तर १० ते १२ अँगस्ट्रॉम जाडीची असते, म्हणजे मेजर ग्रूव्हमध्ये ती आरामात उतरते. निसर्गात इतकी डीएनए-बाइंडिंग प्रोटीन्स मेजर ग्रूव्हमध्ये हेलिक्स घालून बसलेली दिसतात त्यामागे हे साधं मापाचं गणित आहे.

पुढचा प्रश्न हमखास येतो, की बेस तर आतल्या बाजूला एकमेकांचे हात धरून बसलेत, मग डीएनए उघडल्याशिवाय प्रोटीन ते वाचणार कसं? उघडायची गरजच नसते. बेसपेअरच्या कडा दोन्ही ग्रूव्हमध्ये बाहेर डोकावत असतात आणि प्रोटीन त्या कडा वाचतं. मेजर ग्रूव्हच्या बाजूने या कडेवर काय काय दिसतं ते वहीत लिहून घ्या (डोनर म्हणजे हायड्रोजन बाँडसाठी हायड्रोजन देणारा, ॲक्सेप्टर म्हणजे तो घेणारा):

एटी: ॲक्सेप्टर, डोनर, ॲक्सेप्टर, मिथाइल
टीए: मिथाइल, ॲक्सेप्टर, डोनर, ॲक्सेप्टर
जीसी: ॲक्सेप्टर, ॲक्सेप्टर, डोनर, नुसता हायड्रोजन
सीजी: नुसता हायड्रोजन, डोनर, ॲक्सेप्टर, ॲक्सेप्टर

चारही वेगळे. म्हणजे मेजर ग्रूव्हमधून हात फिरवला तर कुठली जोडी आहे आणि ती कुठल्या दिशेने आहे हे दोन्ही कळतं. आता मायनरची बाजू बघा, तिथे एटी म्हणजे ॲक्सेप्टर, हायड्रोजन, ॲक्सेप्टर, आणि टीए उलटा वाचला तरी तेच! जीसी आणि सीजीचंही तसंच, ॲक्सेप्टर, डोनर, ॲक्सेप्टर. म्हणजे मायनर ग्रूव्हमधून "ही एटी जातीची आहे की जीसी जातीची" इतपत समजतं पण ए कुठल्या बाजूला आणि टी कुठल्या बाजूला ते समजत नाही. वहीत स्वतःच्या हाताने या ओळी लिहिल्या की हे कायमचं लक्षात राहतं, नुसतं वाचून राहत नाही.

हे सगळं १९७६ साली नेड सीमन, जॉन रोझनबर्ग आणि अलेक्झांडर रिच यांनी मांडून ठेवलं होतं, आणि गंमत म्हणजे तेव्हा अशा जीन रेग्युलेट करणाऱ्या प्रोटीनचं एकही क्रिस्टल स्ट्रक्चर हातात नव्हतं, क्रो आणि कॅप या अशा पहिल्या दोन प्रोटीनची स्ट्रक्चर्स १९८१ मध्ये आली. त्यांनी नुसत्या भूमितीवरून सांगितलं की आर्जिनिनचे दोन हात ग्वानिनच्या दोन ॲक्सेप्टरवर बरोबर बसतील आणि ॲस्पॅरॅजिन किंवा ग्लुटामिन ॲडेनिनवर बसेल, कारण तिथे एक ॲक्सेप्टर आणि एक डोनर शेजारी शेजारी आहेत. पुढे स्ट्रक्चर्स आली तेव्हा या जोड्या पुन्हा पुन्हा दिसत गेल्या.

स्टेप २: चिकटणारे हात बाजूला काढा

आता प्रोटीन परत दाखवा, आणि बेसकडे अजिबात न बघता फक्त फॉस्फेटला कोण कोण टेकलंय ते शोधा. प्रत्येक फॉस्फेटवर एक निगेटिव्ह चार्ज, त्यामुळे लायसिन, आर्जिनिन आणि मधूनमधून सेरिन, थ्रिओनिन किंवा मुख्य साखळीतला एनएच तिथे सापडेल. वहीत यांचा वेगळा रकाना करा. यातले बरेचसे कुठल्याही सिक्वेन्सवर असेच चिकटले असते, कारण फॉस्फेट सगळीकडे सारखाच.

याचं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण लॅक रिप्रेसरचं, म्हणजे बॅक्टेरियातले लॅक जीन बंद ठेवणाऱ्या प्रोटीनचं आहे. २००४ मध्ये कालोदिमोस आणि सहकाऱ्यांनी एनएमआर (चुंबकीय क्षेत्र वापरून रचना काढायची पद्धत) वापरून हेच प्रोटीन दोन अवस्थांत दाखवलं, एकदा त्याच्या खऱ्या ऑपरेटरवर (म्हणजे ते ओळखतं त्या डीएनए सिक्वेन्सवर) आणि एकदा कुठल्यातरी भलत्याच डीएनएवर. भलत्या डीएनएवर प्रोटीन बसलेलं असतं, पण ज्या साइड चेन खऱ्या साइटवर बेस वाचतात त्यातल्याच कितीतरी तिथे फॉस्फेटला टेकून असतात, डीएनए सरळच राहतो आणि प्रोटीनचा बिजागरीसारखा भाग विस्कळीतच असतो. खरी साइट मिळाली की त्या साइड चेन बेसकडे वळतात, त्या बिजागरीच्या भागाची हेलिक्स बनते आणि डीएनए वाकतो. आधी नुसतं धरायचं, धरून सरकत राहायचं आणि जागा जुळली की मग घट्ट बसायचं, असा तो प्रकार.

एक व्यवहारातली टीप: चिकटण्याचा हा भाग मिठाला फार हळवा असतो. डीएनएभोवती पॉझिटिव्ह आयनांचं ढगासारखं आवरण असतं, प्रोटीन बसलं की त्यातले काही सुटतात आणि त्यातून बाइंडिंगला जोर मिळतो, बफरमध्ये मीठ वाढवलं की हा जोर कमी होतो. त्यामुळे मीठ सांगितल्याशिवाय दिलेल्या बाइंडिंगच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. दोन पेपरचे आकडे जुळत नसले तर आधी बफर बघा.

स्टेप ३: आता एकच स्ट्रक्चर, पण नीट

सर्च बॉक्समध्ये १-ए-ए-वाय टाका (चारही अक्षरं सलग, मधे रेघ नको). हे झिफ-२६८ नावाचं प्रोटीन, तीन झिंक फिंगरवालं (झिंकच्या अणूभोवती घडी पडलेला छोटा भाग म्हणजे एक फिंगर). त्याचं पहिलं स्ट्रक्चर १९९१ मध्ये पाव्हलेटिच आणि पाबो यांनी काढलं आणि हे नंतरचं, जास्त स्पष्ट, १.६ अँगस्ट्रॉम रेझोल्यूशनचं (आकडा लहान तितकं चित्र स्पष्ट). सुरुवात याच्यापासूनच करा असं मी सगळ्यांना सांगतो, कारण यात नियम डोळ्यांना दिसतो, बाकीच्या बऱ्याच प्रोटीनमध्ये तो चिखलात शोधावा लागतो.

ब्राउझरमधल्या मोलस्टार व्ह्यूअरमध्ये कुठल्याही रेसिड्यूवर (साखळीतल्या एकेका अमिनो ॲसिडवर) क्लिक केलं की त्याच्या आजूबाजूचे अणू उघडतात आणि तुटक रेषांनी हायड्रोजन बाँड वगैरे दिसतात. साइट आहे जीसीजी टीजीजी जीसीजी, नऊ बेसपेअर. पाच-प्राइमकडून (सिक्वेन्स जिथून वाचतात त्या टोकाकडून) १ ते ९ नंबर द्या. त्यात जी कुठे कुठे आहेत? १, ३, ५, ६, ७ आणि ९. सहा. आता प्रोटीनमध्ये एकेक करून हे रेसिड्यू क्लिक करत जा: आर्जिनिन ८० जातो जी-१ वर, आर्जिनिन ७४ जी-३ वर, हिस्टिडिन ४९ जी-५ वर, आर्जिनिन ४६ जी-६ वर, आर्जिनिन २४ जी-७ वर आणि आर्जिनिन १८ जी-९ वर. सहा जी, सहा हात, पाच आर्जिनिन आणि एक हिस्टिडिन. पहिल्यांदा हे मोजलं तेव्हा मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो होतो.

यात दोन गोष्टी नजरेतून सुटतात. एक म्हणजे क्रम उलटा आहे, तिसरी फिंगर पहिल्या तीन बेसवर आणि पहिली फिंगर शेवटच्या तीनवर. हे विसरून सिक्वेन्स सरळ जुळवायला गेलात तर काहीच जमणार नाही आणि दोष कॉम्प्युटरला द्याल. दुसरी म्हणजे ॲस्पार्टेट २०, ४८ आणि ७६ कडे बघा. हे प्रत्येक फिंगरमध्ये आर्जिनिनच्या शेजारी उभे असतात आणि त्याला एका बाजूने धरून ठेवतात. आर्जिनिनची साइड चेन लांब आणि लवचिक असते, तिला असं टेकण दिलं नाही तर ती इकडेतिकडे डुलत राहणार. म्हणजे ओळखण्याचं काम एकट्या हाताचं नसतं, त्या हाताला मागून कोण धरतंय तेही तेवढंच महत्त्वाचं, आणि म्हणूनच "या अमिनो ॲसिडला हा बेस" असा सरळसोट कोड सगळ्या प्रोटीन्सना लागू पडत नाही. टेल प्रोटीन्समध्ये (यांच्या प्रत्येक रिपीटमधली दोन अमिनो ॲसिडची जोडी एक बेस ओळखते) तसा कोड बराचसा चालतो, एचडी म्हणजे सी, एनआय म्हणजे ए, एनजी म्हणजे टी, पण तो अपवाद समजा.

अंतरं मोजताना डोनर ते ॲक्सेप्टर २.७ ते ३.३ अँगस्ट्रॉम असेल तर हायड्रोजन बाँड बिनधास्त लिहा, ३.५ पर्यंत चालवून घ्या, त्यापुढे गेलं की कोन बघा आणि शंका घ्या. सॉफ्टवेअरने तुटक रेघ काढली म्हणून बाँड आहेच असं नाही. रेझोल्यूशन ३ अँगस्ट्रॉमच्या पलीकडचं असेल तर साइड चेनच्या टोकांबद्दल मी तरी ठामपणे बोलत नाही.

स्टेप ४: अक्षर नाही, आकार वाचणारे

सगळेच असे बोट ठेवून वाचत नाहीत. टाटा बाइंडिंग प्रोटीन, म्हणजे टीबीपी, मायनर ग्रूव्हमध्ये बसतं आणि डीएनएला साधारण ८० अंशांत वाकवतं, दोन्ही टोकांना फिनाइलअलॅनिनच्या जोड्या बेसपेअरच्या मधे पाचरीसारख्या घुसतात. (१-वाय-टी-बी उघडा, वाकलेला डीएनए बघून तुम्हाला वाटेल फाइल खराब आहे, नाहीये.) मायनर ग्रूव्हमधून एटी-टीए फरक कळत नाही हे मघाशी लिहिलंच, तर हे प्रोटीन विचारतंय ते दुसरंच: हा तुकडा वाकतो का? टाटा सिक्वेन्स सहज वाकतो म्हणून तो चालतो.

तसंच ए आणि टी सलग आले की मायनर ग्रूव्ह अरुंद होते, तिथे निगेटिव्ह चार्जचा जोर वाढतो आणि आर्जिनिन आत घुसतो. न्यूक्लिओसोमच्या (हिस्टोन प्रोटीनभोवती गुंडाळलेल्या डीएनएच्या) १९९७ च्या स्ट्रक्चरमध्ये १४६ बेसपेअर हिस्टोनच्या गोळ्याभोवती गुंडाळलेले आहेत आणि मायनर ग्रूव्ह ज्या ज्या वेळी आतल्या बाजूला येते त्या १४ जागी पकड आहे. हिस्टोनला सिक्वेन्सशी फारसं देणंघेणं नाही, वळणाशी आहे.

स्टेप ५: वहीत एक गुणाकार

नऊ बेसची साइट योगायोगाने किती वेळा येईल? ४ चा ९ वा घात म्हणजे २,६२,१४४. माणसाचा जीनोम सुमारे ३.१ अब्ज बेसपेअर, दोन्ही स्ट्रँड धरले तर नुसत्या योगायोगाने २३-२४ हजार जागा निघतात (जीनोममध्ये अक्षरं काही सारख्या प्रमाणात नसतात, त्यामुळे हा अंदाजच). एकच जागा हवी तर १६-१७ बेस तरी वाचावे लागतील, आणि बहुतेक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (जीन चालू-बंद करणारी प्रोटीन्स) तेवढे वाचतच नाहीत. म्हणून ते जोडीने बसतात, शेजाऱ्याला धरून बसतात, आणि क्रोमॅटिनमध्ये (हिस्टोनसकट गुंडाळून ठेवलेल्या डीएनएत) कुठला भाग उघडा आहे त्यावर अवलंबून असतात. सांगायचा मुद्दा, जीनोममध्ये मोटिफ (प्रोटीन ओळखतं तो छोटा सिक्वेन्स) सापडला म्हणजे तिथे प्रोटीन बसलंय असं लिहून मोकळे होऊ नका, ही चूक थीसिसमध्येसुद्धा सर्रास दिसते.

स्टेप ६: आरएनएकडे येताना चष्मा बदला

इथे डीएनएचं ज्ञान घेऊन तसंच पुढे गेलात की फसता. दुहेरी आरएनए ए-फॉर्ममध्ये असतो, त्याची मेजर ग्रूव्ह खोल आणि इतकी अरुंद की हेलिक्स आत जातच नाही, आणि मायनर ग्रूव्ह रुंद, उथळ, पण तिथे वाचण्यासारखं फार काही नाही. त्यामुळे दुहेरी आरएनए धरणारी डोमेन्स बहुधा आकार आणि दोन-प्राइम ओएच (आरएनएच्या साखरेवरचा, डीएनएत नसलेला गट) ओळखतात, सिक्वेन्सकडे त्यांचं लक्ष कमी. एचआयव्हीच्या रेव्ह प्रोटीनची हेलिक्स मात्र आरएनएच्या मेजर ग्रूव्हमध्ये बसते, ती का, तर तिथे प्युरिन-प्युरिन (ए आणि जी या मोठ्या बेसच्या आपसातल्या) अशा वेड्यावाकड्या जोड्यांनी ती ग्रूव्ह रुंद झालेली असते.

खरी मजा एकेरी आरएनएत आहे, कारण तिथे बेस मोकळे असतात, कड नाही तर अख्खा बेस हाताला लागतो. १-यू-आर-एन उघडा, १९९४ मध्ये नागाई यांच्या ग्रुपने काढलेलं यू-१-ए प्रोटीन आणि आरएनए हेअरपिन. टायरोसिन १३ आणि फिनाइलअलॅनिन ५६ शोधा. यांची सपाट वलयं आरएनएच्या बेसवर पत्त्यांसारखी रचलेली दिसतील. डीएनएत अशी रचाई प्रोटीनला सहसा करता येत नाही कारण बेस आधीच एकमेकांवर रचलेले असतात. बेसच्या कडेचे हायड्रोजन बाँड तर आहेतच, शिवाय ही रचाई. या डोमेनला आरआरएम म्हणतात, ८०-९० अमिनो ॲसिडचं असतं आणि माणसाच्या आरएनए-बाइंडिंग प्रोटीन्समध्ये पावलोपावली भेटतं.

आणि ज्यांना झिफ-२६८ सारखं स्वच्छ उदाहरण हवंय त्यांनी पुमिलिओ बघावं, १-एम-८-एक्स. आठ रिपीट, आठ बेस, एका रिपीटला एक बेस. ॲस्पॅरॅजिन आणि ग्लुटामिन असले की यू (आरएनएत टीच्या जागी येणारा बेस), सेरिन आणि ग्लुटामेट असले की जी. इथेही क्रम उलटाच आहे, आठवा रिपीट पाच-प्राइम टोकाकडे.

स्टेप ७: बाइंडिंग खरंच आहे का ते जेलवर

स्ट्रक्चर बघून अंदाज केला, आता तपासायचं. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे एम्सा, १९८१ पासून चालत आलेली: लेबल लावलेला २०-३० बेसपेअरचा डीएनए, वाढत्या प्रमाणात प्रोटीन, एसडीएस (प्रोटीन उलगडून टाकणारा साबण) नसलेलं जेल, प्रोटीन बसलेला डीएनए हळू पळतो आणि वर राहतो. झालं.

इथे माझी फजिती सांगतो. पहिल्यांदा केडी (बाइंडिंग किती घट्ट ते सांगणारा आकडा, कमी तितकं घट्ट) काढली ती आली २७ नॅनोमोलर, छान गुळगुळीत कर्व्ह, मी खूश. महिनाभराने दुसऱ्या पद्धतीने केलं तर आली २. दहा दिवस प्रोटीनला शिव्या दिल्या, नवीन बॅच बनवली, आणि मग कळलं की मी प्रत्येक लेनमध्ये डीएनएच ५० नॅनोमोलर टाकत होतो. अर्धा डीएनए बांधायलाच २५ नॅनोमोलर प्रोटीन खर्च होणार, वर खरी केडी २, झाले २७. म्हणजे मी केडी मोजलीच नव्हती, मी माझ्याच डीएनएचं प्रमाण मोजत होतो. तेव्हा लेबल लावलेला डीएनए अपेक्षित केडीच्या बराच खाली ठेवा, निदान दहापट तरी, आणि मग प्रोटीन वाढवा.

कंट्रोल किमान तीन हवेत. बिनलेबलचा तोच डीएनए जास्त टाकला की बँड गेला पाहिजे. बिनलेबलचा पण मधले एक-दोन जी बदललेला टाकला तर बँड राहिला पाहिजे. आणि पॉली डीआय-डीसी (प्रोटीनची साइट नसलेला बनावट डीएनए) टाकून नुसते चिकटणारे हात गुंतवून ठेवायचे, नाहीतर वरच्या खाचेतच सगळं अडकून बसलेलं दिसतं. पहिल्या दोन कंट्रोलमधला फरक म्हणजेच ओळख. तो फरक दिसत नसेल तर तुमच्या हातात फक्त चिकटणं आहे.

मग म्युटेशन. वहीतल्या दोन रकान्यांतून एकेक रेसिड्यू उचला आणि अलॅनिन करा. फॉस्फेटवाला बदलला तर बहुधा सगळ्याच डीएनएवरची पकड ढिली होते, बेसवाला बदलला तर खऱ्या आणि खोट्या साइटमधलं अंतर कमी होतं. केडी दहापट बिघडली म्हणजे २५ अंशांवर साधारण १.४ किलोकॅलरी प्रति मोल गेले, म्हणजे एखाददुसरा चांगला बाँड. हजारपट बिघडली तर आधी प्रोटीन नीट फोल्ड झालंय का ते बघा, बाँडची गोष्ट नंतर.

अल्फाफोल्ड ३ (रचनेचा अंदाज बांधणारा एआय प्रोग्राम, २०२४) डीएनए-आरएनएसकट कॉम्प्लेक्सचं मॉडेल देतं आणि मी ते रोज वापरतो, पण एक सवय लावून घ्या: खऱ्या सिक्वेन्सबरोबर तीच अक्षरं ढवळून केलेला सिक्वेन्सही द्या. दोन्हीकडे प्रोटीन तितक्याच ऐटीत बसलेलं दिसलं, तर त्या मॉडेलने तुम्हाला कुठे धरतं ते सांगितलंय, काय ओळखतं ते नाही. आणि केडी त्यातून काढायचा प्रयत्न करू नका.

पुढच्या सरावाला १-टी-यू-पी घ्या, पी-५३ (कॅन्सर रोखणारं प्रोटीन) आणि डीएनए, १९९४ चं. आर्जिनिन २४८ आणि आर्जिनिन २७३ शोधा, कॅन्सरमध्ये हे दोन्ही वारंवार बदललेले सापडतात. एक मायनर ग्रूव्हमध्ये घुसलेला आहे आणि एक फॉस्फेटला धरून आहे. कुठला कुठे ते मी सांगत नाही, वहीत दोन रकाने तयार आहेतच.